जुना पडदा, मराठी अक्षर आणि डोळ्यांचा शीण

चंद्रपूर आणि गडचिरोली या वनजिल्ह्यांत संगणक घराघरांत शिरण्याआधी कचेऱ्यांत शिरला, आणि त्याच्यासमोर तासन्‌तास बसण्याची पाळी सर्वांत आधी आली ती दाखले, नोंदी आणि हिशेब टंकणाऱ्या माणसांवर. २००१ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाच्या एमएस-सीआयटी या अभ्यासक्रमाने तालुक्याच्या गावांतील तरुणांचा बोटांचा सराव करून घेतला. २०११ मध्ये ‘संगणकीय ग्रामीण महाराष्ट्र’ म्हणजेच ‘संग्राम’ या प्रकल्पाने ग्रामपंचायतीत संगणक आणि तो चालवणारा माणूस आणून बसवला. पुढे ‘आपले सरकार सेवा केंद्र’ आले, डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा आला, आणि वनहक्क कायद्याखालचे दावे, तेंदू व बांबूचे हिशेब यांनाही पडद्याची वाट धरावी लागली. या साऱ्या काळात संगणकाची पेटी अधूनमधून बदलली जाते, परंतु तिच्याबरोबरचा मॉनिटर जोपर्यंत उजळतो तोपर्यंत चांगलाच समजला जातो, आणि म्हणून नव्या पेटीला जोडलेला दहा-पंधरा वर्षांपूर्वीचा पडदा हे दृश्य या भागात अपवादाचे नाही. अशा पडद्यासमोर दिवस काढणाऱ्यांच्या डोळ्यांची चुरचुर, कपाळातली ठसठस आणि संध्याकाळी दूरचे काही काळ अस्पष्ट दिसणे यांचा दोष सहसा एकट्या ‘जुन्या मॉनिटर’वर टाकला जातो. पडद्याचे वय हे या शिणाचे एक कारण असते, पण बहुतेक वेळा मुख्य कारण असते ते पडद्यावरील अक्षराची बारीक आणि धूसर कड, आणि मराठी वाचणाऱ्याला ती इंग्रजी वाचणाऱ्यापेक्षा अधिक महागात पडते.

डोळा थकतो म्हणजे नेमके काय होते, हे प्रथम पाहिले पाहिजे. जवळचे पाहताना डोळ्यातील भिंगाभोवतीचा स्नायू आकुंचन पावतो, त्यामुळे भिंग फुगीर होते आणि प्रतिमा नेत्रपटलावर स्पष्ट उमटते. या क्रियेला अनुकूलन म्हणतात. त्याच वेळी दोन्ही बुबुळे किंचित नाकाकडे वळतात, म्हणजे त्यांचे अभिसरण होते. छापील अक्षराची कड धारदार असल्याने भिंगाला एकदा योग्य ठिकाण सापडले की ते तेथे स्थिरावते. पडद्यावरील अक्षर मात्र ठिपक्यांचे बनलेले आणि कडेला विरघळलेले असते, म्हणून स्नायू ते ठिकाण सतत चाचपत राहतो. दुसरी गोष्ट पापण्यांची. जपानमधील त्सुबोता आणि नाकामोरी या नेत्रतज्ज्ञांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोजणीत निवांत बसलेला माणूस मिनिटाला सरासरी २२ वेळा, पुस्तक वाचताना १० वेळा आणि संगणकाच्या पडद्यावरील मजकूर वाचताना अवघ्या ७ वेळा पापण्या मिटतो असे आढळले. पापणी मिटली की अश्रूंचा पातळ थर डोळ्यावर नव्याने पसरतो. मिटणे कमी झाले की तो थर ठिकठिकाणी तुटतो आणि डोळा कोरडा पडतो. पुस्तक मांडीवर असते, त्यामुळे वाचताना नजर खाली असते आणि पापण्या अर्ध्या झुकलेल्या असतात. समोर उंचावर ठेवलेल्या पडद्याकडे पाहताना मात्र डोळा सताड उघडा राहतो आणि वाऱ्याला अधिक पृष्ठभाग मिळतो.

पडद्यातून निघणाऱ्या ‘किरणां’ची भीती या विषयात उगाचच मोठी झाली आहे. निळ्या प्रकाशाला अडवणाऱ्या काचांच्या चष्म्यांची जाहिरात भरपूर होते, तथापि २०२३ मध्ये कॉक्रेन या संस्थेने उपलब्ध चाचण्यांचा आढावा घेतला तेव्हा अशा काचांनी संगणकावर काम करणाऱ्यांचा डोळ्यांचा ताण साध्या काचांपेक्षा कमी होतो, असे दिसून आले नाही. त्या चष्म्यावर खर्च करण्याऐवजी तेच पैसे योग्य नंबर काढण्यावर खर्च केलेले बरे. त्याविषयी पुढे येईलच.

जुन्या पडद्यांच्या दोन जाती आहेत आणि त्यांचे उपाय एकमेकांच्या उलट आहेत, ही गोष्ट ध्यानात न घेतल्याने पुष्कळ घोळ होतात. पहिली जात म्हणजे पाठीमागे पोट असलेला, टीव्हीसारखा अवजड मॉनिटर, ज्याला सीआरटी म्हणतात. जर्मन शास्त्रज्ञ कार्ल फर्डिनांड ब्राउन याने १८९७ मध्ये तयार केलेल्या नळीचा हा वंशज होय. त्याच्या मागच्या टोकाकडून निघणारा इलेक्ट्रॉनचा झोत पुढच्या काचेच्या आतील लेपावर आदळतो आणि तेवढा ठिपका उजळतो. हा झोत डावीकडून उजवीकडे, वरून खाली अशा ओळी मारीत सगळा पडदा रंगवतो आणि पुन्हा वर जातो. उजळलेला ठिपका क्षणार्धात मावळत असल्याने सेकंदाला किती वेळा पडदा नव्याने रंगवला जातो, या संख्येला, म्हणजे रिफ्रेश रेटला, येथे फार महत्त्व आहे. ही संख्या ६० असेल तर पुष्कळांना पडदा लुकलुकताना जाणवतो, ७५ ला तो बहुतेकांना स्थिर वाटतो आणि ८५ ला जवळपास कोणालाही त्रास होत नाही. लुकलुक ओळखण्याची रीत सोपी आहे: नजर पडद्यावर न ठेवता त्याच्या शेजारच्या भिंतीवर ठेवावी, कारण डोळ्याच्या कडेची दृष्टी थरथर टिपण्यात मधल्या दृष्टीपेक्षा तरबेज असते आणि समोरून स्थिर भासणारा पडदा कडेने पाहताच फडफडू लागतो.

नवी पेटी जुन्या सीआरटीला जोडली की ती बहुधा ६० हा आकडा धरून बसते, आणि कोणी मुद्दाम बदलल्याखेरीज तो तसाच राहतो. डिस्प्लेच्या मांडणीत जाऊन तो ७५ किंवा ८५ करणे हे दोन मिनिटांचे काम आहे. ८५ चा पर्याय यादीत दिसत नसेल तर पडद्यावरील ठिपक्यांची संख्या, म्हणजे रिझोल्यूशन, कमी करून पाहावे. १७ इंची सीआरटीवर १२८० बाय १०२४ ऐवजी १०२४ बाय ७६८ ठेवले की झोताला कमी ओळी माराव्या लागतात आणि तो तितक्याच वेळात अधिक फेऱ्या करू शकतो. अक्षरेही मोठी होतात, हा वरचा लाभ. मॉनिटरच्या कुवतीपेक्षा जास्त आकडा मात्र लादू नये. शिवाय प्रकाश जितका प्रखर तितकी लुकलुक अधिक जाणवते, हा नियम फेरी आणि पोर्टर या संशोधकांच्या नावाने ओळखला जातो, म्हणून ६० वरच अडलेल्या मॉनिटरची प्रखरता उतरवणे हाही एक उतारा आहे.

या जातीच्या पडद्याचा आणखी एक विकार विजेच्या जोडणीतून येतो आणि त्याचे मूळ सहसा सापडत नाही. इलेक्ट्रॉनचा झोत चुंबकाने वळतो. त्यामुळे मॉनिटरला खेटून यूपीएस, स्टॅबिलायझर, टेबलपंखा किंवा जुन्या धाटणीचा स्पीकर ठेवला असेल तर त्यांच्या चुंबकीय क्षेत्राने चित्र हलते. भारतातील वीज सेकंदाला ५० आवर्तने घेते आणि पडदा ६० वेळा रंगवला जातो, तेव्हा या दोन्हींतील १० च्या फरकाने चित्राच्या कडा सेकंदाला दहादा लाटेसारख्या डुलतात. डोळ्यांना ते ठळकपणे कळतेच असे नाही, पण अक्षराची कड पकडण्याची धडपड दुप्पट होते. विजेचा दाब खाली-वर होणाऱ्या दुर्गम तालुक्यांत यूपीएस आणि स्टॅबिलायझर असणारच, आणि टेबल लहान असल्याने ते मॉनिटरच्या कुशीतच ठेवले जाणार. ते हात-दीड हात लांब, शक्यतो जमिनीवर सरकवले की हे डुलणे थांबते. पडद्यावर कोपऱ्यात हिरवे-जांभळे डाग पडले असतील तर मॉनिटरवरील डिगॉस हे बटण एकदा दाबावे. त्याने नळीतील जाळीत साठलेले चुंबकत्व निघून जाते. सीआरटीची पेटी मात्र कोणत्याही कारणाने घरी उघडू नये, कारण तिच्यात वीस-पंचवीस हजार व्होल्टचा दाब असतो आणि वीज बंद केल्यावरही तो काही काळ टिकून राहतो.

दुसरी जात म्हणजे पातळ एलसीडी. येथे प्रत्येक ठिपका, म्हणजे पिक्सेल, पुढची आज्ञा येईपर्यंत आपला रंग धरून राहतो, त्यामुळे ६० चा रिफ्रेश रेट पुरेसा असतो आणि तो वाढवण्याच्या खटपटीत अर्थ नसतो. रिझोल्यूशनबाबत तर सीआरटीचा नियम येथे थेट उलटतो. एलसीडीत पिक्सेल कारखान्यातच मोजून बसवलेले असतात. १९ इंची चौकोनी पडद्यावर ते बहुधा १२८० बाय १०२४ असतात. संगणकाला दुसरा कोणताही आकडा सांगितला की एका ठिपक्याचे काम दीड-पावणेदोन ठिपक्यांवर ओढूनताणून बसवले जाते आणि प्रत्येक अक्षर ओलसर कागदावर शाई फुटल्यासारखे दिसते. अक्षरे बारीक वाटतात म्हणून एलसीडीचे रिझोल्यूशन कमी करणे ही कार्यालयांत सर्रास आढळणारी चूक आहे, आणि डोळे शिणवण्यात तिचा वाटा पडद्याच्या वयापेक्षा किती तरी मोठा असतो. आकडा मूळचाच ठेवून अक्षरांचा आकार विंडोजच्या मांडणीतून १२५ टक्के करणे किंवा ब्राउझरमध्ये कंट्रोल आणि अधिकचे चिन्ह दाबून पान मोठे करणे, हा त्याला योग्य पर्याय आहे.

जुने एलसीडी बहुतेक निळ्या टोकाच्या व्हीजीए तारेने जोडलेले असतात. या तारेतून चित्र आकड्यांच्या रूपात जात नाही, चढउताराच्या लहरींच्या रूपात जाते, आणि मॉनिटरला त्या लहरी कोठे कापून ठिपके करायचे हे अंदाजाने ठरवावे लागते. अंदाज चुकला की अक्षरांच्या उभ्या कडा थरथरतात किंवा त्यांना सावली पडते. मॉनिटरवर ‘ऑटो’ असे लिहिलेले एक बटण असते, ते पडदाभर मजकूर उघडा असताना दाबले की हा हिशेब नव्याने जुळतो. तारेच्या दोन्ही टोकांचे स्क्रू घट्ट नसतील तर तो पुन्हा बिघडतो. संपूर्ण पडदा गुलाबी-जांभळा दिसू लागला तर तारेतील हिरव्या रंगाची जोडणी तुटली आहे असे समजावे. नवी तार घेतली की काम भागते, मॉनिटर बदलण्याची गरज नसते.

एलसीडीचे खरे म्हातारपण त्याच्या मागच्या दिव्यात असते. जुन्या पडद्यांत ट्यूबलाइटच्याच कुळातील, पेन्सिलपेक्षा बारीक नळ्या उजेड देत, आणि हजारो तास जळल्यावर त्या मंदावून पिवळट होतात. त्यानंतर एलईडीचे दिवे आले, पण त्यांतील पुष्कळांत प्रखरता कमी करण्याची रीत अशी असते की दिवा मंद न होता तो सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद केला जातो आणि बंद राहण्याचा काळ वाढवला जातो. या रीतीला पीडब्ल्यूएम म्हणतात. काही माणसांना याने डोकेदुखी होते, काहींना काहीच होत नाही. पांढऱ्या पडद्यासमोर पेन्सिल भराभर हलवून पाहावी: तिची सलग धूसर छाया दिसली तर ठीक, सुट्या सुट्या पेन्सिलींची रांग दिसली तर दिवा फडफडतो आहे. अशा मॉनिटरची प्रखरता वर ठेवून उजेड संगणकाच्या मांडणीतून उतरवावा.

आता मूळ मुद्दा, म्हणजे अक्षर. संगणकावरील मराठीची चर्चा टंकलेखनाच्या सोयीभोवती फिरते; वाचणाऱ्याच्या डोळ्यांचा विचार तिच्यात अभावानेच होतो. रोमन लिपीतील छोट्या अक्षराला ओळीतली एक पट्टी पुरते आणि काही अक्षरांचे दांडे तेवढे वर-खाली जातात. देवनागरीत मधल्या पट्टीवर शिरोरेषा, तिच्यावर वेलांटी, मात्रा, रफार आणि अनुस्वार, तर खाली उकार आणि ऋकार अशी तीन मजली रचना असते, आणि हे तिन्ही मजले तेवढ्याच उंचीत बसवावे लागतात. १२ पॉइंटचे अक्षर नेहमीच्या पडद्यावर १६ ठिपके उंचीचे असते. वरचे-खालचे मजले वजा जाता मूळ व्यंजनाला अंदाजे आठ-नऊ ठिपके उरतात, आणि ‘द्ध’ किंवा ‘ट्ठ’ यांसारख्या खाली रचलेल्या जोडाक्षरात एवढ्याच जागेत दोन अक्षरांना दाटीवाटी करावी लागते. खिडक्यांच्या शीर्षकांत आणि तक्त्यांच्या रकान्यांत ९ पॉइंटचे अक्षर येते तेव्हा तर सगळी इमारत १२ ठिपक्यांत उभी करायची असते. अनुस्वाराला अशा वेळी एखादाच ठिपका मिळतो. ‘सिंदेवाही’, ‘सिरोंचा’ आणि खुद्द ‘चंद्रपूर’ या नावांतील टिंब दिसले की नाही हे मग डोळा सांगत नाही, सवय सांगते. ‘घोट’ आणि ‘धानोरा’ यांच्या पहिल्या अक्षरांतील भेद, ‘भामरागड’ या एकाच नावात शेजारी आलेले ‘भ’ आणि ‘म’, गट क्रमांकातील १ आणि ९ हे सगळे एक-दोन ठिपक्यांवर अवलंबून असते. नाव ओळखीचे असेल तर मेंदू उरलेले भरून काढतो. ज्याला शेकडो अनोळखी खातेदारांची नावे आणि आकडे बिनचूक उतरवायचे आहेत, त्याला प्रत्येक ठिपक्यासाठी डोळे ताणावे लागतात.

या अडचणीवर विचार करणाऱ्यांत एक मराठी नाव मोठे आहे. मूळचे कोल्हापूरचे, मुंबईच्या आयआयटीतील इंडस्ट्रियल डिझाइन सेंटरमध्ये शिकवलेले सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी ‘मंगल’ हा टंक घडवला आणि तो विंडोज २००० पासून जगभरच्या संगणकांत देवनागरीचा ठरावीक टंक म्हणून पोहोचला. बोरूच्या वळणांत रमलेल्या या कलावंताला पडद्यासाठी मात्र मोजक्या ठिपक्यांत वाचता येईल असे अक्षर करावे लागले, आणि मंगलवर रुक्षपणाचा आरोप करणाऱ्यांनी ती मर्यादा विसरू नये. त्यानंतर २००१ च्या विंडोज एक्सपीत क्लिअरटाइप नावाची सोय आली. एलसीडीचा प्रत्येक ठिपका लाल, हिरव्या व निळ्या अशा तीन उभ्या पट्ट्यांचा असतो. त्या पट्ट्यांचा स्वतंत्र उपयोग करून अक्षराची कड अधिक गुळगुळीत दाखवणे ही तिची युक्ती. एक्सपीत ती मुळात बंद असे आणि व्हिस्टापासून ती आपोआप चालू राहू लागली, तरी प्रत्येक पडद्यागणिक ती जुळवून घ्यावी लागते. विंडोज ७ पासून ‘क्लिअरटाइप टेक्स्ट’ या नावाने शोधल्यास चार-पाच नमुने दाखवले जातात आणि त्यांतील सर्वांत स्पष्ट नमुना निवडला की काम झाले. नमुने इंग्रजीत असतात, ही त्यातली गंमत आहे. म्हणून निवड केल्यावर एखादे मराठी पान उघडून खात्री करून घ्यावी.

अक्षराचा आकार पुरेसा आहे की नाही, हे ठरवण्यासाठी नेत्रतज्ज्ञ एक ढोबळ कसोटी सांगतात: कामाच्या नेहमीच्या अंतराच्या तिप्पट अंतरावरूनही मजकूर कसाबसा वाचता आला पाहिजे, म्हणजे जवळून वाचताना दृष्टीला तिपटीची सवलत राहते. चंद्रपूर जिल्ह्यातील कोणाही ऑपरेटरने यासाठी ‘ब्रह्मपुरी’ हा शब्द नेहमीच्या आकारात टंकावा, साठ सेंटिमीटरवरून उठून पावणेदोन-दोन मीटर मागे जावे, आणि ‘ह्म’ हे जोडाक्षर तसेच ‘पु’चा उकार दिसतो का ते पाहावे. दिसत नसेल तर अक्षर वाढवावे. एका पानात कमी ओळी मावतील आणि उंदीर अधिक फिरवावा लागेल. डोळ्यांपेक्षा बोटांना राबवणे स्वस्त पडते.

अक्षर सुधारल्यावर उजेडाकडे वळावे. सेवा केंद्रांची रचना बहुतेक ठिकाणी नागरिकांच्या सोयीने होते: टेबलापलीकडे लोक उभे, त्यांच्यामागे उघडे दार, आणि दाराकडे तोंड करून ऑपरेटर. एप्रिल-मे महिन्यांत दारातून येणाऱ्या लख्ख उजेडात बाहुली आकसते आणि त्याच क्षणी मंद पडद्यावरील अक्षर वाचायचे असते. मागच्या दिव्याने मान टाकलेला जुना पडदा या उजेडाशी टक्कर देऊ शकत नाही. टेबल उलटे फिरवले तर दार पडद्याच्या काचेत प्रतिबिंबित होते, आणि सीआरटीची फुगीर काच तर आरशासारखेच काम करते. टेबल काटकोनात वळवून दार किंवा खिडकी डाव्या-उजव्या बाजूला घेणे हाच यावरचा तोडगा आहे. पडद्याची प्रखरता ठरवताना त्याच्याशेजारी पांढरा कागद धरावा: पडदा कागदापेक्षा दिव्यासारखा उठून दिसला तर उतरवावा, मळकट दिसला तर चढवावा. काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरे ठेवण्याची टूम अलीकडे आली आहे. लुकलुकणाऱ्या सीआरटीवर तिचा उपयोग होतो, परंतु अंधाऱ्या पडद्यासमोर बाहुली रुंदावते आणि रुंद बाहुलीतून बारीक कड अधिकच पसरट दिसते, त्यामुळे मराठी मजकुरासाठी पांढऱ्यावर काळे हीच जोडी सहसा बरी.

चाळिशीच्या पुढच्या माणसांची गोष्ट वेगळी आहे, आणि ग्रामपंचायत, तलाठी कार्यालय किंवा वनखात्याच्या कचेरीतील अनुभवी कर्मचारी बहुधा याच वयाचे असतात. वयाबरोबर भिंग ताठर होते आणि जवळचे पाहण्यासाठी बाहेरून भिंगाची मदत लागते. मराठीने त्या चष्म्यालाच ‘चाळिशी’ म्हटले आहे. वाचनाचा हा चष्मा सुमारे ४० सेंटिमीटरवर धरलेल्या पुस्तकासाठी काढलेला असतो, आणि त्या अंतराला अडीच डायॉप्टर शक्ती लागते. पडदा मात्र साठ सेंटिमीटरवर असतो आणि तेथे पावणेदोनच्या आसपास शक्ती पुरते. चाळिशी लावून पडदा पाहिला की तो धूसर दिसतो, म्हणून माणूस पुढे वाकतो. दुहेरी काचांचा चष्मा असेल तर खालच्या काचेतून समोरचे पाहण्यासाठी हनुवटी वर उचलतो, आणि संध्याकाळी मान धरते. तो धूसरपणाही पडद्याच्या नावावर जमा होतो. नेहमीच्या बैठकीत डोळ्यापासून पडद्यापर्यंत सुतळी धरून अंतर मोजावे आणि तीच सुतळी नेत्रतपासणीला बरोबर न्यावी. ग्रामीण वा उपजिल्हा रुग्णालयातील नेत्रचिकित्सा अधिकाऱ्याला अंतर सेंटिमीटरमध्ये सांगितले की त्या अंतराचा स्वतंत्र नंबर काढून मिळू शकतो. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली असावी, म्हणजे नजर झुकलेली राहते; सीआरटीखाली रजिस्टरांची चळत रचून त्याला सिंहासनावर बसवण्याची प्रथा याच्या अगदी विरुद्ध आहे.

या भागातील कामाचे स्वरूपही ध्यानात घ्यावे लागते, कारण येथे पडद्यावर नुसते वाचले जात नाही, कागदावरून पडद्यावर उतरवले जाते. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये वनहक्क कायद्याखाली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, आणि नंतर या जिल्ह्यातील शेकडो गावांनी तसे दावे केले. अशा दाव्यांच्या मागे निस्तार पत्रके, म्हणजे गावाला जंगलातून काय काय घेण्याचा रिवाज आहे याच्या जुन्या नोंदी, हस्तलिखित ठराव आणि नकाशे असतात. हे कागद टेबलावर आडवे ठेवले की टंकणाऱ्याची नजर दर ओळीला खालच्या पिवळ्या कागदावरून समोरच्या उजळ पडद्यावर उडी मारते, आणि प्रत्येक उडीला भिंगाचे अंतर, बाहुलीचा आकार आणि मानेचा कोन बदलावा लागतो. तासाभरात अशा शेकडो उड्या होतात. कागद पडद्याला लागून, त्याच अंतरावर, तिरप्या फळीवर उभा केला तर यांतील बहुतेक श्रम वाचतात. जुन्या टंकलेखकांजवळ अशी फळी असे, आणि संगणकाबरोबर ती का गेली हे कोडेच आहे.

वनखात्यातील काहींच्या वाट्याला मात्र अक्षराऐवजी छायाचित्रे येतात. ताडोबा-अंधारीसह देशभरच्या व्याघ्रप्रकल्पांत पाणवठ्यांवर आणि वाटांवर स्वयंचलित कॅमेरे लावले जातात. २०१८ च्या अखिल भारतीय व्याघ्रगणनेत २६,८३८ ठिकाणच्या कॅमेऱ्यांनी ३ कोटी ४८ लाखांहून अधिक छायाचित्रे टिपली आणि त्यांत वाघांची ७६,६५१ होती. प्राण्यांनुसार चित्रे वेगळी करायला संगणकप्रणाली असली तरी शंकेची चित्रे अखेर माणसालाच पाहावी लागतात, आणि रात्रीची चित्रे करड्या रंगाची, पट्टा आणि सावली एकमेकांत मिसळलेली असतात. जुन्या स्वस्त एलसीडीत वरून-खालून पाहताना रंगछटा पालटतात, म्हणून अशा कामात पडदा पुढे-मागे कलता करून चेहऱ्याच्या अगदी समोर आणणे महत्त्वाचे ठरते. मजकुरासाठी खोली उजळ हवी. या चित्रांसाठी ती थोडी मंद हवी, नाही तर काळोखी छटा खोलीच्या उजेडात धुऊन निघतात.

हवामानाचा वाटाही कमी नाही. चंद्रपूरचा पारा मे महिन्यात ४६ अंशांच्या पुढे सहज जातो, हवा कोरडी होते आणि पंख्याचा झोत साहजिकच तोंडावर घेतला जातो. अगोदरच कमी मिटणाऱ्या डोळ्यांवरचा अश्रूंचा थर त्या झोतात झटकन सुकतो. वारा अंगावर घ्यावा, डोळ्यांवर नव्हे. कोळसाखाणी आणि औष्णिक वीज केंद्राच्या या परिसरात धुळीलाही तोटा नाही, आणि सीआरटीच्या काचेवर स्थिर विद्युतभार साचत असल्याने ती धूळ ओढूनच घेते. दिवसातून एकदा मऊ सुती कापडाने पडदा पुसण्याने उजळपणात पडणारा फरक पाहिल्यावर पुष्कळांना मॉनिटर नवा वाटू लागतो. एलसीडीवर मात्र स्पिरिट लावू नये आणि जोर देऊ नये. पावसाळ्यात जंगलालगतच्या गावांत संध्याकाळी पडद्यावर पाखरांची गर्दी होते, आणि एखादे चिलट काचेच्या थरांत शिरलेच तर बोटाने दाबू नये, कारण चिरडलेले चिलट तेथेच कायमचे अनुस्वार होऊन बसते.

विश्रांतीचा जो नियम सर्वत्र सांगितला जातो, तो अमेरिकन दृष्टितज्ज्ञ जेफ्री अँशेल यांचा: दर वीस मिनिटांनी वीस सेकंद वीस फुटांपलीकडे, म्हणजे सुमारे सहा मीटर दूर, पाहावे. दाराबाहेर सागाचे झाड असणाऱ्या कार्यालयांना त्यासाठी शहरासारखी जागा शोधावी लागत नाही. त्या वीस सेकंदांत चार-पाच वेळा पापण्या पूर्ण मिटाव्यात, कारण पडद्यासमोरचे मिटणे अनेकदा अर्धवटच असते. एवढे करूनही डोळा लाल होऊन दुखत असेल, दिव्याभोवती रंगीत कडी दिसत असतील किंवा एका डोळ्याने अचानक कमी दिसू लागले असेल, तर तो पडद्याचा प्रश्न राहत नाही. त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जावे.

राहिला प्रश्न मॉनिटर कधी बदलायचा हा. सीआरटी ६० च्या वर जात नसेल किंवा कोपऱ्यांत अक्षरांचे रंग फाकत असतील, आणि एलसीडी पूर्ण प्रखरतेलाही कागदाहून मळकट राहत असेल, तर त्यांचा काळ संपला. सीआरटीच्या काचेत शिसे असल्याने ती फोडून किंवा भंगारात न टाकता ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत यंत्रणेकडेच द्यावी. परंतु बदल करताना एक हिशेब जरूर मांडावा. १९ इंची, १२८० बाय १०२४ च्या जुन्या पडद्यावर एका इंचात सुमारे ८६ ठिपके असतात, तर १५.६ इंची नव्या लॅपटॉपच्या १९२० बाय १०८० च्या पडद्यावर ते १४१ होतात. १६ ठिपक्यांची तीच मराठी ओळ जुन्या पडद्यावर ४.७ मिलिमीटर उंच दिसते आणि नव्यावर, मांडणी १०० टक्के ठेवली तर, जेमतेम २.९ मिलिमीटर. नव्या पडद्याची मांडणी १५० टक्के केली की तेच अक्षर आकाराने जवळपास जुन्याइतके होते आणि अधिक ठिपक्यांमुळे कितीतरी रेखीव दिसते; ती न केल्यास सुस्थितीतील जुना चौकोनी मॉनिटर सातबारा वाचायला अधिक सुखाचा ठरतो.